एकेचाळिसावा टाका

भिवंडीत कोणाला सांगितलं की मी विणकाम शिकवायचे, तर समोरचा माणूस अदबीनं खुर्ची पुढे करतो आणि विचारतो, "किती लूम आहेत?" एकही नाही, दोन सुया आहेत, असं म्हटलं की खुर्ची तो परत ओढून घेत नाही, एवढाच काय तो सभ्यपणा. ज्या गावात यंत्रमागांच्या खडखडाटात माणसं शेजारच्याशीही ओरडून बोलतात, त्या गावात मी एकतीस वर्षं मुलींना हातानं लोकर विणायला शिकवलं. गाव पुन्हा असं, की डिसेंबरातही पंखा दोनवर असतो. अशा ठिकाणी लोकरीचे हातमोजे शिकवणारी बाई शासनानं एकतीस वर्षं पोसली, याबद्दल मी शासनाचं जाहीर कौतुक करते. दुसरं कोणी करेल असं वाटत नाही.

या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "बाई, काहीतरी प्रेरणादायी लिहा." नोकरीत मला स्वतःला प्रेरणा झाल्याचं आठवत नाही, तर वाचकांसाठी ती कुठून आणू? शुक्रवारचा शेवटचा तास, समोर चाळीस मुली, पैकी दहाजणी सुया घरी विसरलेल्या आणि पाचजणी आणलेल्या सुयांनी पुढचीच्या पाठीत टोचणाऱ्या. यातून प्रेरणा मिळायला माणूस संत लागतो. तेव्हा जे झालं ते लिहिते. त्यात माझी शोभा फारशी नाही, हे आधीच सांगून ठेवते.

ज्यांनी सुया कधी हातात धरल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडं धंद्याचं. विणकामात टाके दोनच, सुलट आणि उलट. स्वेटर असो, टोपी असो, सगळं या दोघांतूनच निघतं. एक सुलट, एक उलट असं विणत गेलं की उभ्या पट्ट्या येतात आणि कापड रबरासारखं ताणतं. या विणीला आम्ही बॉर्डर म्हणतो. स्वेटरच्या कमरेला, मनगटाला असते ती. आणि हेच सुलट-उलट प्रत्येक ओळीत एक घर सरकलं, तर पट्ट्या मोडतात आणि कापडभर बारीक दाणे उठतात. ती साबुदाण्याची वीण. विणकामातली सगळ्यात सोपी दाणेदार वीण, आणि तिच्यावरच ही सगळी गोष्ट आहे.

हातमोजे दोन तऱ्हांचे. पाच बोटांचे विणायचे म्हणजे चार सुया, प्रत्येक बोटाला वेगळी नळी आणि विणणारीच्या डोक्याला ताप. बिनबोटांचे, म्हणजे बोटांची टोकं उघडी ठेवणारे, त्या मानानं सरळ: एक चौकोन विणायचा, दुमडायचा, कडेनं शिवायचा आणि शिवताना अंगठ्यापुरती फट सोडायची. हे सातवीतल्या मुलीला जमतं. म्हणजे तिच्या आईला जमतं. परीक्षेला येणारे मोजे कोण विणतं हे मला, मुलींना आणि शाळेच्या शिपायालाही ठाऊक होतं. एका वर्षी तीन मुलींनी आणलेल्या तिन्ही जोड्यांत अंगठ्यापाशी तीच गाठ, त्याच जागी. चौकशी केली तर तिघींची मावशी एक. मी तिघींना 'अ' श्रेणी दिली, कारण मावशीचा हात चांगला होता.

आता माझ्या हाताबद्दल. माझा हात घट्ट. मी विणलेल्या कापडातून उजेड दिसत नाही, पाणी ओतलं तर ते आधी विचार करतं. सैल विणणाऱ्या मुलीला मी म्हणायचे, "मच्छरदाणी करतेयस का?" वर्ग हसायचा. एकतीस वर्षं तोच विनोद आणि एकतीस वर्षं तेच हसू. शिक्षकाला यापेक्षा जास्त मान कुठे मिळतो?

शाळेबाहेरही गिऱ्हाइकं यायची. समोरच्या कारखान्याचे इक्बाल शेठ गिऱ्हाईक म्हणून कधीच आले नाहीत, गंमत बघायला यायचे. मी ओटीवर विणत बसले की थांबून म्हणत, "बाई, आप का एक हाथ होता है, तब तक मेरा पूरा थान निकल जाता है." मी म्हणायचे, "शेठ, तुमच्या ताग्याला अंगठा असतो का?" मग ते हसत आणि माझ्याकडे पाहून मान हलवत पुढे जात.

एकदा एक सासूबाई आल्या. मुलगा-सून लग्नानंतर मनालीला चालले होते. सुनेसाठी लाल बिनबोटांचे मोजे हवे होते, पण अट अशी की हिरवा चुडा पूर्ण दिसला पाहिजे, फोटोत. मी विचारलं, मग थंडी कुठून अडवायची? त्या म्हणाल्या, "थंडी काय, चार दिवसांची." मी तळहाताएवढाच मोजा विणून दिला. नंतर फोटो आला. बर्फ, डोंगर, चुडा झळकतोय, मोजे शेजारच्या टेबलावर आणि सुनेचे दोन्ही हात नवऱ्याच्या कोटात. सासूबाईंना तो फोटो अजिबात आवडला नाही.

दुसरे एक वकील. हिमालयात यात्रेला निघाले होते. त्यांना पाच बोटांचेच हवे होते, पण तर्जनीत पुष्कराज होता आणि तो झाकायचा नाही असं ज्योतिषानं बजावलं होतं. काढायचाही नाही. तर मोज्याच्या त्या बोटाला मी खिडकी ठेवली. वकीलसाहेब परत आल्यावर तक्रार घेऊन आले की सगळा हात ऊबदार राहिला, फक्त खड्याखालचं बोट काळंनिळं झालं. ज्योतिषाकडे जा म्हटलं. ते गेले नाहीत, माझ्याशीच बोलायचे थांबले.

अशा गिऱ्हाइकांवर दिवस काढून मी निवृत्त झाले आणि भिवंडीतच, टेमघरच्या घरात पंख्याखाली बसले. कोणाला खरोखर गरज आहे म्हणून मी आयुष्यात एकही हातमोजा विणला नव्हता. हे वाक्य लिहिताना आजही थोडं लागतं.

गेल्या मे महिन्यात, दुपारी अडीचच्या उन्हात दारात एक बाई उभी. चाळिशीच्या आतबाहेरची, पायात जाड बूट, खांद्याला पिशवी.

"बाई, वळखलं का?"

"अगं, ओळखलं तर!" मी म्हणाले. शिक्षक हे खोटं दिवसाला दोनदा बोलतो.

"मी वनिता. दिघाशीची. सातवी ब. आता अंजूरला दिली मना."

पाणी दिलं तर ग्लास दोन्ही हातांनी धरून बसली. मग लक्षात आलं की ती हात गार करत नव्हती, ग्लास पडू नये म्हणून सांभाळत होती. बोटांची टोकं पांढुरकी, कातडी सोललेली.

अंजूरला त्यांचं भाताचं शेत होतं. ते गेलं, तिथे गोदामं झाली. त्यातलंच एक थंड गोदाम, म्हणजे एक भलामोठा फ्रीज, ज्यात माणसं चालतात. सासरे जिथे भात लावायचे तिथे आता गोठवलेल्या मटारांच्या थप्प्या आहेत आणि सून त्या थप्प्यांमधून खोकी काढते. प्रगती म्हणतात ती हीच.

"आत उणे अठरा असतं बाई," ती म्हणाली. "वीस मिन्टं आत, धा मिन्टं भायेर, अशी ड्युटी. हातान बंदूक असते ना, स्कॅनर, ती खोक्यावर मारायची न बोटानं स्क्रीनवर ओके दाबायचा. कंपनीचे मोजे हायत, पन गादीसारके जाड. एक दाबाया गेलं तं तीन बटनं दबतात. काढले तं बोटं मरतात. दाबलाय का न्हाय, तेच कलत न्हाय."

"बाकीच्या काय करतात?"

"कैचीनं टोकं कापतात. मंग आतला कापूस मटारान पडतो न साहेब बोंबलतो."

तिच्याकडून मटारांऐवजी मक्याच्या दाण्यांची खोकी भलत्याच ट्रकमध्ये गेली होती. एक नोटीस मिळाली होती. तीन झाल्या की घरी. आणि हे काम तिला सोडायचं नव्हतं. शिफ्ट दोनला सुटायची, मुलगी शाळेतून यायच्या आत ती घरी असायची. नवरा बाहेरगावी गाडीवर. बाकी सगळ्या गोदामांत बारा तासांची ड्युटी, मग मुलीला बघणार कोण? "हे गेलं तं मना दुसरं जमायचं न्हाय," ती सरळ म्हणाली. "तुमी बोटं नसलेले मोजे शिकवायच्या ना, तसले द्या मना एक जोड."

मला काय झालं सांगू? एकतीस वर्षांत पहिल्यांदा भिवंडीत कोणाला लोकरीच्या हातमोज्याची खरी गरज पडली होती आणि ती माझ्या दारात आली होती. मी टेप काढला, तिच्या हाताचं माप घेतलं, तिला म्हटलं, रविवारी ये. चार दिवस मी जेवणखाण विसरून विणलं. किरमिजी रंग, दहा नंबरच्या सुया, पूर्ण बॉर्डरची वीण, कारण बॉर्डर अंगाला धरून बसते. माझा घट्ट हात होताच. वर मनगटाला इलॅस्टिकचा दोरा ओवला, म्हणजे वारा आत शिरायला नको. असे मोजे मी परीक्षेत पाहिले असते तर शंभरापैकी शंभर दिले असते आणि मावशीचा पत्ता विचारला असता.

रविवारी तिनं घालून पाहिले. "जरा घट्ट वाटतात, बाई."

"घट्टच हवेत. सैल म्हणजे मच्छरदाणी."

ती हसली. वर्गात हसायच्या तशीच. आठवड्यानं फोन केला तर म्हणाली, "भारी हायत बाई, एकदम भारी." मी ते शेजारपाजारी सगळ्यांना सांगितलं. इक्बाल शेठनाही सांगितलं, मुद्दाम.

जूनमध्ये त्या गोदामाचा वर्धापनदिन आला. मॅनेजरला व्यासपीठावर बसवायला एखादी स्थानिक मान्यवर व्यक्ती हवी होती, जी फुकट येईल आणि लवकर जाईल. वनितानं माझं नाव सुचवलं. मी इस्त्रीची साडी नेसून रिक्षानं अंजूरला गेले. कॅन्टीनमध्ये कार्यक्रम. मला शाल दिली. भिंतीपलीकडे उणे अठरात बायका राबतायत आणि घामाघूम झालेल्या निवृत्त बाईला हे लोक शाल पांघरतात; हा मूर्खपणा दिसत होता, पण शाल मी घेतली. फोटोला हसलेसुद्धा.

चहा आला. वाढणाऱ्या बाईच्या हातात मोठी किटली होती आणि किटलीच्या कडीला काहीतरी किरमिजी गुंडाळलेलं होतं. मी चष्मा पुसला. माझे मोजे. दोन्ही, एकात एक घालून.

"हे कुठून आणलंत?" मी विचारलं.

"वनितानं दिलं. लई बेस हायत, बाय. कवढी बी गरम किटली धरा, हाताला कलत न्हाय."

माझ्या विणकामाला इतकी मनापासून दाद क्वचितच मिळाली असेल. मी चहा न घेता उठले. थंड खोलीच्या जाड दारापाशी गेले. वीस मिनिटं संपली होती, बायका एकेक बाहेर येत होत्या, अंगातून वाफा निघत होत्या. वनिता आली. तिच्या हातांत बिनबोटांचे मोजे होतेच. राखाडी, ढगळे, कडा वाकड्या. माझ्याकडे पाहून तिनं हात पाठीमागे लपवले. चाळिशीला टेकलेली बाई, आणि बाईंना पाहून हात मागे.

"दाखव," मी म्हणाले. तोच वर्गातला आवाज निघाला, माझा माझ्यावर ताबा नव्हता.

मग तिनं सांगितलं. माझे मोजे घालून पहिल्याच दिवशी आत गेली. दहा मिनिटांत बोटं पांढरी. मनगटाचं इलॅस्टिक आणि ती घट्ट बॉर्डर यांनी हात असा आवळला की रक्त टोकापर्यंत पोचेना. मी माप घेतलं होतं मे महिन्यात, पंख्याखाली; गारठ्यात रक्त बोटांपर्यंत पोचायला मोकळी वाट लागते, हे तिथे सुचलंच नाही. त्या दिवशी तिच्याकडून पनीरऐवजी पराठे गेले. दुसरी नोटीस.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमाला वाईट वाटला असता. इतकं चार दिवस बसून केलंत." मग म्हणाली, "मंग मी माजे विणले. हे सैल हायत, आत हवा ऱ्हाते. ऊब धरतात. उलटे घाला, सुलटे घाला, डाव्यात घाला, उजव्यात घाला, काय फरक न्हाय. अंधारात पन घालता येतात."

मी एक मोजा हातात घेतला. बारीक, एकसारखे दाणे. साबुदाण्याची वीण.

"ही वीण कुठे शिकलीस?"

"तुमीच शिकवलीत."

"मी मोज्यांना ही कधीच शिकवली नाही. मी बॉर्डर शिकवायचे."

"एक सुलट, एक उलट. दर ओल सुलटंनं सुरू कराची. तुमी बोलायच्या, डोकं चालवू नका, सांगते तसं करा. मी तसाच केला."

मी कडेनं टाके मोजले. चाळीस सांगायचे मी, सातवीला कायम चाळीस. इथे एकेचाळीस होते.

"एक जास्त का?"

"आई बोलायची, सम आकड्यानं काय सुरू करू नये. आहेराला कसा, वर एक ठेवतो ना, तसा. चाळीसवर एक."

आणि मग मला सातवी ब आठवली. हिलाही ओळखलं, खरोखरच. चेहऱ्यावरून नाही, त्या मोज्यावरून.

माझा नियम, दर ओळ सुलटीनं सुरू करायची, हा फक्त सम टाक्यांना चालतो. चाळीस टाके असले तर ओळ उलटीवर संपते आणि पट्टी पट्टीवर बसते. एक टाका वाढला की ओळ सुलटीवर संपते, आणि पुढची त्याच नियमानं सुरू केली की सगळं एक घर सरकतं. पट्ट्या मोडून दाणे येतात. हे मला ठाऊक होतं. मुलींना कधी समजावलं नव्हतं. त्यांना डोकं चालवू नका म्हणून सांगितलं होतं. आणि दिघाशीहून एसटीनं येणारी एक मुलगी आईच्या सांगण्यावरून शकुनाचा एक टाका जास्त घालून आली होती, आणि बाकी सगळं मी सांगितलं तसंच, इमानानं केलं होतं. मी काय केलं? मोजा वर धरला, वर्गाला विचारलं, "ही बॉर्डर आहे की साबुदाण्याची खिचडी?" वर्ग हसला. मग दोरा धरून सगळ्यांसमोर पूर्ण उसवला, पहिल्या टाक्यापर्यंत. ती मुलगी रडली नाही. मी ओढत होते आणि ती खाली बसून कुरळी झालेली लोकर गुंडाळत होती. शाळेच्या प्रदर्शनात तिचं काही लागलं नाही.

हा विनोद मी पुढेही बऱ्याच मुलींवर केला असणार. मला माझे विनोद फार आवडायचे.

हे सगळं मी दारापाशी उभी राहून आठवत होते तेवढ्यात मॅनेजर आला आणि त्याच्यामागे मुख्य ऑफिसचे सेफ्टीचे साहेब. वर्धापनदिनाला आले होते, सगळीकडे बोट दाखवत फिरत होते. त्यांचं बोट वनिताच्या हातावर येऊन थांबलं.

"ये क्या है? कंपनी का दिया हुआ नहीं है ये."

मॅनेजरच्या कपाळावर घाम आला. उणे अठराच्या दारात घाम येणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. तो म्हणाला, "सर, हॅण्डमेड आहे. या मॅडमची स्टुडंट आहे ती. मॅडम एक्स्पर्ट आहेत." मग माझ्याकडे वळून, "मॅडम, तुम्हीच सांगा सरांना. प्रॉपर आहे का? नसेल तर आजपासून बंद करून टाकू, आपल्याला रिस्क नको." आणि मग हळूच, मला सोपं जावं म्हणून, "डिझाईन तुमचंच ना, मॅडम?"

बंद केलं म्हणजे वनिता पुन्हा कंपनीच्या गाद्या घालणार, नाहीतर उघड्या हातांनी आत जाणार. म्हणजे तिसरी नोटीस आठ दिवसांत. हे तिला कळत होतं, मला कळत होतं. भोवती दहाबारा बायका वाफा टाकत उभ्या होत्या. मोजा माझ्या हातात. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि वनिता जमिनीकडे.

खरं तेच लिहायचं तर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं? कड वाकडी आहे. शिवण दिसतेय. टोकाची गाठ नीट मारलेली नाही. आणि माझी बोटं आपोआप ते टोक शोधू लागली होती, ओढायला. माझी मला शरम वाटली. इतकी, की अजून ते आठवलं की हात मुठीत घ्यावासा वाटतो.

"डिझाईन माझं नाही," मी म्हणाले. "माझं डिझाईन तुमच्या किटलीच्या कडीला आहे. हे हिचं आहे. पंचवीस वर्षांपूर्वी हिनं हेच केलं होतं, बरोबर केलं होतं, आणि मी ते चूक म्हणून भर वर्गात उसवलं होतं. चूक माझी होती. हे प्रॉपर आहे."

साहेबांना मराठी किती कळली कोण जाणे. मॅनेजरनं भाषांतर केलं ते असं: "मॅडम बोल रहे हैं, क्वालिटी अच्छी है."

साहेब म्हणाले, बघू. त्यांनी वनिताचे मोजे चढवले, स्कॅनर घेतला आणि आत गेले. वीस मिनिटांसाठी गेलेले साहेब सहा मिनिटांत नाक लाल करून बाहेर आले. पण बोटं हलत होती आणि सहा खोकी बरोबर मारली होती. "ट्रायल बेसिस पे चलेगा," म्हणाले. मोजे मात्र काढून देईनात. वनितानं हात पुढे केला, "साहेब, मना आत जायाचाय," तेव्हा कुठे दिले. ती माझ्याकडे न बघता आत गेली. दहा मिनिटं संपली होती ना.

तिसरी नोटीस आजतागायत आलेली नाही.

कंपनीनं नंतर फळ्यावर शाल पांघरलेला माझा फोटो लावला आणि खाली लिहिलं, 'मॅडमच्या मार्गदर्शनाखाली महिला कर्मचाऱ्यांचा अभिनव उपक्रम'. मी दोनदा फोन करून सांगितलं की फोटो काढा आणि वनिताचा लावा. त्यांनी अर्धं ऐकलं. माझा काढला. तिथे आता नुसती ओळ आहे आणि वर चार टाचण्या.

आता आतल्या सगळ्या बायकांना मोजे हवे आहेत. वनिता दहा मिनिटांच्या सुटीत एकेकीला शिकवते, पण विणायला वेळ कोणाला? म्हणून गेल्या रविवारी ती माझ्याकडे लोकर घेऊन आली. "बाई, तुमी बसूनच असता. मदत करा."

मी एकेचाळीस टाके घातले. सुलट, उलट, सुलट, उलट. ती समोर चहा पीत बसली होती. पाच बोटं उंचीचं विणून झाल्यावर तिनं हात पुढे केला, मी विणलेलं दोन बोटांत धरलं आणि ताणून पाहिलं. मी विणलेलं कोणी तपासतंय असं चाळीस वर्षांत झालं नव्हतं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, हसायचं असेल तर हसा.

"घट्ट जालं, बाई."

मच्छरदाणी हा शब्द तिच्याही मनात आला असणार, पण तिनं तो काढला नाही. मी सुई काढली आणि दोरा ओढायला लागले. ओढत होते, ती गुंडाळत होती. मी सवयीनं पार खालपर्यंत जायला निघाले, तशी तिनं माझ्या हातावर हात ठेवला. बोटांची टोकं अजून खरखरीत आहेत तिची.

"बस, बाई. सगलं कशाला? इथवर चांगला हाय."